ताठरतेची गोळी घेण्याआधी हृदय तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ५३. देवगड तालुक्यात आंब्याची बाग आणि छोटं दुकान. आठ वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची एक गोळी चालू, तंबाखू पूर्वी खायचो, आता सोडली. वर्षभरापासून लिंगाला ताठरता नीट येत नाही. मुंबईच्या मित्राने सिल्डेनाफिलच्या (व्हायग्राच्या) शंभर मिलिग्रॅमच्या गोळ्यांची अर्धी पट्टी दिली आहे. पण गेल्या गणपतीत आमच्या वाडीतला एक चाकरमानी अचानक गेला. त्याने ही गोळी घेतली होती म्हणतात. शवविच्छेदनात हृदयाच्या नसा तुंबलेल्या निघाल्या आणि त्याच्या छातीत कधी दुखलं नव्हतं. माझा शिबिरातला ईसीजी नॉर्मल होता. मी गोळी घेऊ का, की आत काही लपलेला दोष असला तर जिवावर बेतेल? माझा २७ वर्षांचा पुतण्याही मित्रांबरोबर अशा गोळ्या घेतो असं कळलं आहे."

आत्ता घेऊ नका. अर्धी पट्टी कपाटात राहू दे, आधी हृदय तपासून घ्या. तपासणी नीट निघाली तर तुमचे डॉक्टर हीच गोळी, बहुधा कमी ताकदीची, स्वतः लिहून देतील. तुमच्या वाडीतल्या माणसाचं त्या रात्री नेमकं काय झालं ते त्याला न पाहता सांगता येणार नाही. नसा इतक्या तुंबलेल्या असल्या की मृत्यू गोळीशिवायही येतो. पण तुम्ही स्वतःबद्दल जे लिहिलं आहे त्यात मला गोळीपेक्षा जास्त काळजीची गोष्ट दिसते. मधुमेह, रक्तदाब, जुनी तंबाखू आणि आता वर्षभरात कमी झालेली ताठरता, हे चार एकत्र आले की मी आधी हृदयाकडे बघतो.

ताठरता येणं हे रक्तवाहिन्यांचं काम आहे. वाहिनीच्या आतल्या अस्तरातून आणि तिथल्या मज्जातंतूंमधून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, वाहिनी सैल होते, रक्त भरतं. मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखू हे अस्तर खराब करतात, आणि ते एका अवयवापुरतं करत नाहीत, सगळ्या अंगात एकाच वेळी करतात. लिंगाच्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. पोफळीच्या बागेत पाटाला गाळ येऊ लागला की शेवटच्या बारीक सऱ्या आधी कोरड्या पडतात, मोठा पाट मात्र वाहताना दिसत असतो. तसंच इथे होतं. ज्यांना पुढे छातीत दुखू लागतं त्यांच्यापैकी अनेकांची ताठरता त्याआधी दोन ते पाच वर्षं बिघडलेली असते. चाळिशीतल्या माणसात तर ही खूण जास्तच गंभीर धरावी, कारण त्या वयात ती वयाच्या खात्यावर टाकता येत नाही.

सगळ्यांचं कारण रक्तवाहिन्यांत असतं असं मात्र नाही. पहाटे जाग येते तेव्हा ताठरता पूर्वीसारखी असते का? त्रास एका दिवशी अचानक सुरू झाला की हळूहळू वाढत गेला? पहाटेची ताठरता शाबूत आणि सुरुवात अचानक असेल तर मनावरचा ताण, कर्ज, घरातला वाद, झोप यांकडे बघावं लागतं. पहाटेचीही गेली असेल आणि महिन्यामहिन्याने कमी होत गेली असेल, तर रक्तवाहिन्यांचा संशय बळावतो. तुमच्या डॉक्टरांना हे दोन्ही सांगा. आमच्याकडे पेशंट साखरेबद्दल, गुडघ्याबद्दल, मुलाच्या नोकरीबद्दल सगळं बोलतो, फाइल उचलतो, दारापर्यंत जातो आणि मग कडीला हात लावून मागे वळतो: "डॉक्टरानू, आणखी एक इचारूचा होता." बाहेर बारा माणसं थांबलेली असतात. तरी मी त्याला परत बसवतो, कारण बऱ्याचदा त्या दिवसाची खरी तक्रार तीच असते.

आता तुमच्या नॉर्मल ईसीजीबद्दल. पाठीवर निजलेल्या माणसाचा ईसीजी दोन गोष्टी बऱ्यापैकी सांगतो: पूर्वी झटका येऊन गेला आहे का, आणि या घडीला हृदयाला रक्त कमी पडतंय का. धमनी ७० टक्के तुंबलेली असली तरी निजलेल्या हृदयाला पुरेसं रक्त मिळतं आणि कागदावर सगळं सरळ येतं. म्हणून शिबिरातला तो कागद टाकून देऊ नका, पण त्याच्या भरवशावर गोळीही घेऊ नका. त्यात तुम्हाला मधुमेह आहे. बरीच वर्षं साखर असलेल्यांचे मज्जातंतू बोथट होतात आणि हृदयाला रक्त कमी पडलं तरी छातीत कळ येत नाही. त्याऐवजी धाप लागते, उगाच घाम फुटतो, जबडा किंवा डावा हात जड होतो, पोटाच्या वरच्या भागात दाटून येतं. आपल्याकडे याला पित्त म्हणतात आणि कोकम सरबत पिऊन पडून राहतात. पित्त चालण्याने वाढत नाही आणि थांबल्यावर पाच मिनिटांत जात नाही. चढावर येणारं आणि थांबलं की जाणारं "पित्त" हे हृदयाचं समजून तपासावं.

शरीरसंबंधाचा हृदयावर पडणारा भार लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी असतो. नेहमीच्या जोडीदाराबरोबर, सवयीच्या जागी, तो साधारण दोन जिने भरभर चढण्याइतका किंवा २० मिनिटांत दीड किलोमीटर चालण्याइतका असतो. देवगडात जिन्यांच्या इमारती थोड्या, म्हणून मी वेगळं विचारतो: खालच्या वाडीतून सड्यावरच्या बागेपर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, न थांबता चढता का? हातात झेला घेऊन सकाळभर आंबे उतरवता का? वर पोचल्यावर बोलायला त्रास होतो का? गेल्या वर्षी कुठे थांबत नव्हता आणि यंदा कुठे थांबता? जो माणूस पाखाडी सहज चढतो त्याचं हृदय त्या भाराला बहुधा पुरतं. ज्याचा थांबा दर वर्षी एक पायरी खाली सरकतोय, त्याला मी कितीही आग्रह झाला तरी तपासणीशिवाय गोळी देत नाही.

ही अशी वर्गवारी माझी एकट्याची नाही. अमेरिकेत प्रिन्स्टन इथे १९९९ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ आणि मूत्ररोगतज्ज्ञ एकत्र बसले आणि या प्रश्नावर एक रीत ठरवली. पुढे ती वेळोवेळी सुधारली गेली, अलीकडे २०२३ मध्ये. त्यात तीन गट आहेत. काही त्रास नाही, जोखमीची कारणं थोडी, रक्तदाब आटोक्यात, त्यांना उपचार सुरू करायला हरकत नाही. ज्यांना विश्रांतीतही छातीत दुखतं, नुकताच झटका आला आहे, हृदय निकामी होत चाललं आहे, रक्तदाब हाताबाहेर आहे किंवा झडप फार अरुंद झाली आहे, त्यांनी हृदय स्थिर होईपर्यंत शरीरसंबंधच थांबवायचा. मधला गट तुमचा: त्रास नाही, पण जोखमीची कारणं तीन किंवा जास्त. मधल्या गटाला आधी पट्ट्यावर चालवून बघायचं, म्हणजे टीएमटी, ज्याला लोक स्ट्रेस टेस्ट म्हणतात. सोबत टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या, त्यात झडपा आणि हृदयाच्या भिंतींची जाडी कळते. टीएमटीत शंका आली किंवा गुडघ्यांमुळे चालता येत नसेल तर सीटी अँजिओग्राफी किंवा धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारं सीटी स्कॅन. यातलं सगळं तालुक्याला मिळणार नाही, पण इको आणि टीएमटीसाठी मुंबई गाठायची गरज नाही.

टीएमटी चांगली आली म्हणजे नसा अगदी स्वच्छ, असंही समजू नका. ३०-४० टक्क्यांचा मऊ थर टीएमटीत दिसत नाही आणि कधीकधी तोच फाटून गुठळी होते. तुमच्या वाडीतल्या त्या माणसाला आयुष्यात कधी दुखलं नव्हतं, याचं एक कारण असं असू शकतं. म्हणून टीएमटी चांगली आली तरी साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉलची गोळी आणि रोजचं चालणं सोडायचं नाही. या सगळ्याने ताठरताही काही प्रमाणात सुधारते, आणि ते मी पेशंटला मुद्दाम सांगतो. हृदयासाठी चाल म्हटलं तर न चालणारा माणूस यासाठी चालतो.

आता गोळी काय करते ते. सिल्डेनाफिल हे औषध मुळात हृदयासाठीच शोधलं जात होतं. इंग्लंडमध्ये केंटमधल्या सँडविच गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत ते छातीत येणाऱ्या कळेवर तपासलं जात होतं. त्या कामाला ते फारसं उपयोगी पडलं नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी ताठरता वाढल्याचं सांगितलं. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत ते व्हायग्रा नावाने मंजूर झालं. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांना निरोप पोचवतो हे दाखवणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. नायट्रिक ऑक्साइडमुळे पेशीत सायक्लिक जीएमपी नावाचा पदार्थ तयार होतो, तो वाहिनी सैल करतो, आणि एक विकर (एन्झाइम) त्याला थोड्या वेळात मोडून टाकतं. गोळी त्या विकराला अडवते, म्हणून परिणाम टिकतो. हे विकर फक्त लिंगात नसतं, अंगभरच्या रक्तवाहिन्यांत असतं. म्हणून १०० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर वरचा रक्तदाब सरासरी ८ आणि खालचा ५ ते ६ अंकांनी उतरतो.

एवढा उतार बहुतेकांना जाणवतही नाही. गंभीर ब्लॉकेज असलेल्या १४ पुरुषांना गोळी देऊन त्यांच्या हृदयाच्या धमन्यांतला प्रवाह मोजला गेला, तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, आणि प्रवाह कमी झालेला आढळला नाही. फुप्फुसातल्या वाढलेल्या रक्तदाबासाठी हेच औषध दिवसातून तीन वेळा, स्त्रियांनासुद्धा, दिलं जातं. म्हणून "गोळीने हार्ट अटॅक येतो" असं सरसकट मी म्हणत नाही. मग माणसं का दगावतात? मला तीन वाटा दिसतात. एक, गोळीबरोबर दुसरं एखादं औषध. दोन, न तपासलेल्या हृदयावर एकदम पडलेला भार. तीन, काही ठरावीक दोष, ज्यांना रक्तदाबाचा थोडा उतारही सोसत नाही. पहिली वाट सगळ्यात घातक आहे आणि पूर्ण टाळता येण्यासारखीही आहे.

ते दुसरं औषध म्हणजे छातीतल्या कळेवर देतात ते नायट्रेट. सॉर्बिट्रेट हे नाव घराघरात माहीत आहे. मोनोनायट्रेटच्या गोळ्या, जिभेखाली मारायचा नायट्रोग्लिसरीनचा फवारा, छातीला लावायची पट्टी, सगळे त्याच कुळातले. निकोरँडिलही त्यातच धरा, हे बऱ्याच पेशंटना कोणी सांगितलेलं नसतं. नायट्रेट पेशीत सायक्लिक जीएमपी वाढवतं आणि गोळी ते मोडू देत नाही. दोन्ही एकत्र आले की अंगभरच्या वाहिन्या एकदम सैल पडतात आणि रक्तदाब कोसळतो. आता हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त शिरतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं त्या क्षणी, खालच्या रक्तदाबाच्या जोरावर. जिथे धमनी तुंबलेली असते तिथे पुढच्या बारीक वाहिन्या आधीच पूर्ण उघडून बसलेल्या असतात, त्यांना आणखी उघडायला जागा नसते. दाब कोसळला की त्या भागाला रक्त मिळत नाही. वर ठोके वाढतात, म्हणजे हृदयाची गरज वाढते. लपलेला ब्लॉकेज असलेल्या माणसाला यातून खरोखरीचा झटका येऊ शकतो.

"मला कुठे हृदयविकार आहे, मी नायट्रेट घेतच नाही," असं तुम्ही म्हणाल. पण गेली काही वर्षं मोबाइलवर निरोप फिरतायत: छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवा, एक गोळी कायम खिशात असू द्या. अनेक घरांत ती देवघराच्या फळीवर ठेवलेली असते. रात्री नवऱ्याच्या छातीत कळ आली की बायको, भाऊ, शेजारी, जो आधी धावेल तो ती गोळी देतो. त्यांनी प्रेमानेच दिलेली असते. पण त्याने दोन तासांपूर्वी काय घेतलं आहे ते त्यांना माहीत नसतं, आणि त्या क्षणी त्याच्या तोंडून ते निघत नाही.

मे महिन्यातल्या एका रात्री साठीच्या घरातल्या एका गृहस्थांना असंच आणलं होतं. अंग थंड, कपडे घामाने चिंब, नाडी दोरीसारखी बारीक, वरचा रक्तदाब जेमतेम सत्तर. घरच्यांनी सॉर्बिट्रेटच्या दोन गोळ्या दिल्या होत्या, दुसरी पहिलीने बरं वाटेना म्हणून. सिस्टरने शर्ट उतरवताना खिशातल्या पाकिटातून चांदीच्या कागदाचा एक तुकडा खाली पडला. त्यावर एकच फोड होती आणि ती फुटलेली होती. मी घरच्यांना बाहेर थांबायला सांगितलं, वाकून त्यांच्या कानाशी विचारलं, "काका, आज ती गोळी घेतलीत का? मला रागवायचं नाहीये, पुढचं औषध त्यावर ठरणार आहे." त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. पाय उंच केले, सलाइन जोरात सुरू केलं, नायट्रेटचं ड्रिप लावायचं रद्द केलं. दाब वर आला. पुढे कोल्हापुरात अँजिओग्राफी झाली, दोन धमन्या तुंबलेल्या होत्या, त्याआधी कधीच छातीचा त्रास झालेला नव्हता. ते वाचले. त्या एका होकाराने आमचा उपचार बदलला.

म्हणून हे पाठ करून ठेवा. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल, म्हणजे ताठरतेचीच जास्त वेळ टिकणारी दुसरी गोळी, घेतल्यावर ४८ तास कुठलंही नायट्रेट नको. टाडालाफिलचा अर्धा अंश अंगातून जायला साडेसतरा तास लागतात, म्हणून शनिवारी रात्री घेतलेली गोळी सोमवारी सकाळीही तुमच्या रक्तात असते. छातीत कळ आली तर हालचाल थांबवा, बसा किंवा आडवे व्हा, १०८ ला फोन करा. सॉर्बिट्रेट नाही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमचं अ‍ॅस्पिरिन चावून खायला चालतं, त्याचा या गोळीशी झगडा नाही. अँब्युलन्समधल्या डॉक्टरला गोळीचं नाव आणि वेळ सांगा. देवगडहून फोंडा किंवा गगनबावडा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर खाली गोव्यात बांबोळी, कुठेही न्या, वाटेत दोन-तीन ठिकाणी कागद बदलतात. प्रत्येक ठिकाणी ते पुन्हा सांगा. छातीत दुखणाऱ्या पेशंटला नायट्रेट देणं ही डॉक्टरांची रोजची सवय आहे, तुम्ही बोललात तरच हात थांबेल. आणि तुमच्या पत्नीला हे आधीच माहीत असू दे. त्या क्षणी बोलू शकणाऱ्या बहुधा त्या एकट्याच असतील.

दुसऱ्या औषधांत आणखी काही येतात. प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी दिली जाणारी टॅम्सुलोसिन, प्राझोसिन यांसारखी औषधं चालू असतील तर उभं राहताना चक्कर येऊन पडण्याची भीती असते. आपल्या दमट हवेत गजकर्ण आणि नायटा किती चिवट असतो ते तुम्हाला सांगायला नको. त्यावर महिना-महिना इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल चालतात. यकृतातलं जे विकर सिल्डेनाफिल मोडतं त्याला ही कॅप्सूल बांधून ठेवते आणि नेहमीची मात्रा रक्तात कितीतरी जास्त होते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिनचंही तसंच. त्वचेच्या डॉक्टरला ही गोळी सांगायला माणूस लाजतो आणि या गोळीच्या वेळी त्याला गजकर्णाची आठवण होत नाही.

हायवेच्या कडेच्या तंबूत मिळणारं चूर्ण, शिलाजिताच्या नावाच्या कॅप्सूल, "शंभर टक्के जडीबुटी" लिहिलेल्या पुड्या यांनी मला फार अस्वस्थ होतं. असल्या वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात सिल्डेनाफिल किंवा त्याची भावंडं न सांगता मिसळलेली अनेक देशांच्या औषध प्रशासनांना वारंवार सापडली आहेत. किती मिसळलंय याचा पत्ता नसतो. "मी इंग्रजी औषध घेतलंच नाही" असं तो माणूस प्रामाणिकपणे सांगतो, आणि आम्ही त्या शब्दावर नायट्रेट देतो. चूर्ण अर्ध्या तासात हमखास गुण देत असेल तर त्यात वनस्पती सोडून दुसरं काही असण्याची शक्यता धरूनच चाला.

जेवणाचाही संबंध आहे. तळलेल्या सुरमईचं, मटणाचं भरपेट जेवण झाल्यावर सिल्डेनाफिल घेतलं तर ते रक्तात चढायला साधारण तासभर उशीर होतो. माणसाला वाटतं गोळी बोगस आहे, तो दुसरी घेतो, आणि मग दोन्ही एकत्र चढतात. त्यावर दारू असेल तर दाब आणखी उतरतो. मेच्या उकाड्यात दिवसभर घाम गेलेल्या माणसात आणखीच. शरीरसंबंधाच्या वेळी होणाऱ्या मृत्यूंवर शवविच्छेदनाचे जे अहवाल आहेत त्यांत असे मृत्यू एकूण अचानक मृत्यूंच्या एक-दोन टक्क्यांच्या आतच आहेत, पण त्यांतले बहुतेक पुरुष, बरेचसे घराबाहेर, परक्या जागी, जास्त खाऊन-पिऊन. झटक्यांपैकीही शरीरसंबंधामुळे येणारे एक टक्क्याहून कमी. घरच्या घरी, पचल्यावर, न पिता असलेल्या माणसाला मी म्हणूनच घाबरवत नाही.

आता पुतण्याबद्दल. २७ व्या वर्षी ब्लॉकेज सहसा नसतात, पण तुम्ही ज्याला लपलेला दोष म्हणता तो या वयात वेगळ्या रूपात असतो. काहींच्या हृदयाच्या धमन्यांचा उगमच जन्मतः चुकीच्या जागी असतो. अशा ठेवणीतले फरक सुमारे शंभरात एकाला असतात, बहुतेक निरुपद्रवी. पण डावी धमनी उजव्या बाजूने निघून महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधून जात असेल तर जोरदार श्रमात ती चिमटली जाऊ शकते. काहींची धमनी थोडं अंतर हृदयाच्या स्नायूच्या आतून जाते आणि दर ठोक्याला दाबली जाते. दाब उतरून ठोके वाढले की हे दाबणं वाढतं. तिसरा दोष मला जास्त महत्त्वाचा वाटतो: हृदयाची मधली भिंत वंशपरंपरेने जाड होऊन रक्ताची बाहेर जाणारी वाट अडणं. या माणसांत रक्तवाहिन्या सैल करणारं कुठलंही औषध ती अडवणूक वाढवतं. महाधमनीची झडप अरुंद असलेल्यांचंही तसंच, आणि लहानपणीच्या सांधेतापातून बिघडलेल्या झडपा आपल्याकडे अजूनही सापडतात. जाड भिंत आणि झडप इकोत दिसतात. धमनीचा चुकीचा उगम साध्या ईसीजीत बहुधा दिसत नाही, त्याला सीटी अँजिओग्राफी लागते.

प्रत्येक तरुणाचं सीटी करायचं का? मुळीच नाही. त्याला हे विचारा: कबड्डी खेळताना, पालखी नाचवताना, धावताना कधी चक्कर येऊन पडलास का? श्रमात छातीत दुखतं का? घराण्यात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का, पोहताना किंवा झोपेत गेलेलेही धरून? यातल्या एकालाही हो असेल तर आधी इको आणि हृदयरोगतज्ज्ञ, गोळीला हात लावायचा नाही. काहीच नसेल तरी मित्रांच्या पार्टीतल्या गोळ्या त्याने थांबवाव्यात. ताठरता चांगली असलेल्या मुलाला ही गोळी काही देत नाही, उलट हळूहळू गोळीशिवाय जमणार नाही अशी धास्ती मनात बसवते. तशी मुलं माझ्याकडे येतात. त्याला ओरडू नका. काका म्हणून शांतपणे विचारलंत तर तो सांगेल.

एक विनंती अजून. ताठरता रक्तदाबाच्या गोळीमुळे गेली असं ऐकून ती मनाने बंद करू नका. अटेनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरने किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळीने असा त्रास काहींना होतो हे खरं आहे. पण बीटा ब्लॉकर एकदम थांबवलं तर ठोके आणि दाब उसळतात, आणि लपलेला ब्लॉकेज असलेल्याला त्यातच झटका येऊ शकतो. तुमची गोळी कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना विचारून ती बदलता येते, नेबिव्होलॉलसारखे पर्याय आहेत, आणि नुसत्या बदलानेही काहींचं काम होतं.

तपासणीला जाल तेव्हा घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, तेल-चूर्णासकट, ती अर्धी पट्टीही. गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी आणि कोलेस्टेरॉल करून घ्या, सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉनही. टीएमटी चांगली आली, नायट्रेट नाही, दाब १७०/११० च्या वर किंवा ९०/५० च्या खाली नाही, तर सुरुवात सहसा ५० मिलिग्रॅमने होते, वय ६५ च्या पुढे किंवा वर सांगितलेली औषधं चालू असतील तर २५ ने. शंभरची पहिलीच गोळी तुमच्या वयाच्या आणि तुमच्या आजारांच्या माणसाने घ्यायची नाही. आणि टीएमटी बिघडलेली आली तर घाबरून जाऊ नका. अँजिओप्लास्टी किंवा बायपास नीट झालेली, नायट्रेट न लागणारी, पाखाडी पुन्हा चढू लागलेली माणसं माझ्या सल्ल्याने ही गोळी घेतात आणि संसार करतात. झटक्यानंतर किती थांबायचं ते हृदयरोगतज्ज्ञ टीएमटी बघून सांगतील. गोळीच्या माहितीपत्रकात गेल्या सहा महिन्यांत झटका किंवा पक्षाघात झालेल्यांवर अभ्यास झालेला नाही असं लिहिलेलं असतं, म्हणून त्या काळात स्वतः ठरवायचं नाही. आंब्याचा हंगाम तोंडावर असेल तर हंगाम संपेपर्यंत थांबू नका. झाडावर चढायच्या आधी टीएमटी करून घ्या.